सुधन्वाच्या नावाचं खातं

मेट्रो यमुनेच्या पुलावर चढत होती, तेवढ्यात क्षिप्राच्या फोनवर पत्र आलं. ‘प्रिय सुधन्वा,’ असं त्यात म्हटलं होतं, ‘तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री करून द्या.’ पत्र इंग्रजीत होतं आणि जाहिरातींच्या त्या कंपनीच्या सगळ्या पत्रांसारखंच गोड होतं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं, दांडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खाली नदीकडे पाहिलं. फेब्रुवारी लागला की यमुना इतकी आकसते की पात्रात भाजीचे वाफे दिसायला लागतात. एक माणूस सायकल हातात धरून त्या वाफ्यांमधून चालला होता. गाडी पुढे सरकली आणि तो खांबाआड गेला. क्षिप्राला वाटलं, कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवलाय, भलत्याच नावाने हाक मारलीय, आणि आपण ओ देऊन बसलोय.

ओ ती गेली चार वर्षं देतच होती. नेटवर जाहिराती चालवायच्या तर त्या कंपनीकडे खातं असावं लागतं, आणि ज्या खात्यावर क्षिप्राचा सगळा धंदा चालायचा ते सुधन्वाच्या नावाचं होतं. पहाडगंजातल्या लहानसहान हॉटेलांच्या जाहिराती ती सांभाळायची. पाटण्यात किंवा कोचीत बसून कुणी ‘नवी दिल्ली स्टेशनजवळ खोली’ असं शोधलं की तिच्या एखाद्या हॉटेलाचं नाव त्याच्यासमोर वर यावं, एवढंच ते काम. तिने आणि सुधन्वाने मिळून ते सुरू केलं तेव्हा खातं तिच्याच नावावर उघडायचं ठरलं होतं. पण तिच्या एका कागदावर क्षिप्रा होतं आणि दुसऱ्यावर शिप्रा, आणि या दोन बायका एकच आहेत हे कंपनीच्या यंत्राला काही केल्या पटेना. ‘चल, माझं घाल,’ सुधन्वा म्हणाला होता. त्याच्या नावाचं स्पेलिंग दिल्लीत कुणालाच यायचं नाही, त्यामुळे सगळे त्याला विचारून बरोबर लिहायचे. पुढे तो काम सोडून गेला. खातं बदलायला हवं असं तिला अधूनमधून वाटायचं, पण चालत्या गाडीची चाकं कोण बदलतं? ती चालवत राहिली. मदतीच्या खिडकीत कंपनीची माणसं लिहायची, ‘नमस्ते सुधन्वा सर, बताइए.’ सुरुवातीला ती जपून लिहायची, क्रियापदातून बाईपण बाहेर पडू नये म्हणून ‘चाहती हूँ’ टाळून ‘चाहिए’वर भागवायची. मग एक दिवस ‘चाहता हूँ’ बोटांतून आपोआप उतरलं आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. खात्रीसाठी विचारायचे, आईचं नाव? ती लिहायची, कुसुमावती. उदगीरच्या त्या बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांचं नाव आपल्या आईचं म्हणून लिहिताना दर वेळी तिला कुणीतरी घरात घेतल्यासारखं वाटायचं, आणि पाठोपाठ, आपण न विचारता आत शिरलो आहोत असंही वाटायचं.

आता ते संपणार होतं. नवा नियम असा की महिना संपायच्या आत खात्याच्या मालकाने कॅमेऱ्यासमोर यायचं आणि आपला चेहरा दाखवायचा. मालक बदलता येणार नाही. चेहरा नाही दाखवला तर खातं बंद, आणि खात्यात साठलेलं सगळं शिकणंही त्याच्याबरोबर पुसलं जाईल. शिकणं म्हणजे कोणता प्रवासी कधी खोली शोधतो, कुठल्या फोटोवर थबकतो, कुठल्या शब्दाला बिचकतो, हे इतक्या वर्षांत कंपनीच्या यंत्राने जे टिपून ठेवलं होतं ते. क्षिप्राने मदतीच्या खिडकीत लिहिलं की मालक सध्या उपलब्ध नाहीत, दुसरा काही मार्ग आहे का. पूर्वी तिथे माणसं असायची, आता तीही राहिली नव्हती. तत्काळ उत्तर आलं, ‘प्रिय सुधन्वा, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. कृपया कॅमेऱ्यासमोर या.’

त्या दिवशी ती पहाडगंजात साहनींच्या हॉटेलात गेली ती हेच सांगायला. साहनी तिचे सगळ्यात जुने ग्राहक. काउंटरमागे बसून ते संत्रं सोलत होते. त्यांनी अर्धं तिच्यापुढे केलं. तिने नियम समजावून सांगितला. ‘मॅडम, अकाउंट किसका है, मुझे क्या लेना,’ ते म्हणाले. ‘मार्च में बच्चे आते हैं इम्तिहान देने. माँ-बाप साथ आते हैं. उस टाइम कमरा खाली रहे तो पाप है जी.’ ती म्हणाली, ‘देखती हूँ, साहनीजी.’ बाहेर हातगाड्यांवर पोती चढत होती. तिथून दोन गल्ल्या पलीकडे तिची शाळा होती, मराठी शाळा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून वडील तिला रोज बसने इथवर सोडून मग मंत्रालयात जायचे. त्या फाटकाच्या आत ती क्षिप्रा असायची, बाहेर पडली की शिप्रा. घरी मराठीच बोलायचे, पण घरातली मराठी पोळी, अभ्यास आणि औषधं एवढ्यातच फिरायची. मोठी झाल्यावर तिला कळलं की आपल्याला राग येतो, कंटाळा येतो, बरं वाटतं आणि कसंतरी होतं. याच्या पलीकडचं काही झालं तर आपल्याकडे त्याला शब्द नाही. हे तिला सुधन्वा भेटल्यावर कळलं. तो सनदी परीक्षेसाठी दिल्लीला आलेला, सगळे प्रयत्न संपवून बसलेला मुलगा होता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनाच्या उपाहारगृहात जागा नव्हती म्हणून तो तिच्या टेबलाशी येऊन बसला, आणि साबुदाण्याची खिचडी खाता खाता म्हणाला, ‘इथली खिचडी खाल्ली की हुरहूर लागते.’ तिने विचारलं, ‘म्हणजे काय होतं?’ त्याने चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने पाणी म्हणजे काय असं विचारलं होतं. पण हसला नाही. नीट विचार करून समजावून सांगितलं.

साहनींच्या हॉटेलाच्या पहिल्या मजल्यावरच्या सज्जात उभं राहून तिने त्याला फोन लावला. चार वर्षांत दिवाळीचे संदेश सोडले तर दोघं बोलले नव्हते. तो फोन उचलणार नाही अशी तिची जवळजवळ खात्री होती, आणि ती खात्री तिला सोयीची वाटत होती. त्याने लगेच उचलला.

‘बोल, क्षिप्रा.’

आवाज त्याचाच होता, पण तिच्या नावातला ‘प’ कुठेतरी सांडला होता. ‘काही खातोयस का?’ तिने विचारलं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘सांग ना.’

तिने सांगितलं. सांगताना ती भराभर बोलली, जणू दुसऱ्याच कुणाचं काम आहे. ‘दोन मिनिटांचं काम आहे यार. फोनसमोर चेहरा धरायचा. ते म्हणतात डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, हसा. झालं. मी लिंक पाठवते.’

‘हसायचं?’

‘हो. समोर खरा माणूस आहे की कुणी फोटो धरलाय, ते कळावं म्हणून.’

‘अच्छा,’ तो म्हणाला. खाली कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. ‘बघतो,’ तो म्हणाला.

त्याने बघितलं नाही. लिंक शिळी झाली. तिने दुसरी पाठवली, तीही शिळी झाली. तिने व्हिडिओवर फोन केला तर त्याने तो कापला आणि लिहिलं, ‘कॉप्यांचा ढीग आहे सध्या.’ करोल बागेतल्या कुठल्याशा कोचिंगसाठी तो मुलांच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका घरी बसून तपासतो, एवढं तिला ठाऊक होतं. क्षिप्रा सकाळी मेट्रोत उभी राहायची आणि मनाशी म्हणायची, तो सूड घेतोय. हे वाक्य तिला फारसं पटत नव्हतं, तो तसा माणूस नव्हता, पण दुसरं कुठलं वाक्य तिच्याकडे नव्हतं; आणि सूड घ्यायला त्याच्याकडे कारण आहे हे तिला चार वर्षं माहीत होतं. यमुना बँक स्टेशनला गाडीचे दोन फाटे होतात, एक नोएडाला तिच्या घराकडे जातो आणि दुसरा वैशालीला. तो आता वैशालीला राहायला गेला होता. संध्याकाळी परतताना फलाटावर कधी कधी वैशालीची गाडी आधी यायची. दारं उघडायची, माणसं चढायची, दारं मिटायची. ती तिथेच उभी.

कारण होतं ते असं. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, एका दुकानाच्या गच्चीवरची एकच खोली, जिला दिल्लीत बरसाती म्हणतात, ती त्यांचं ऑफिस होती. खाली दिवसभर गिऱ्हाइकं हॉर्न वाजवून बघायची. त्या हॉर्नांच्या वर, पत्र्याच्या छपराखाली बसून सुधन्वा जाहिराती लिहायचा. जाहिरात म्हणजे दोन ओळी, त्यापेक्षा जास्त जागाच नसते. पण तो त्या दोन ओळींसाठी अख्खी सकाळ घालवायचा. आधी तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा: कुठून आलाय, गाडी किती वाजता पोचते, बरोबर कोण आहे, भीती कशाची आहे. मग लिहायचा, ‘सुबह चार बजे पहुँच रहे हैं? हमारा आदमी जाग रहा होगा.’ साहनींनी वाचून विचारलं होतं, ‘कौन सा आदमी?’ आणि मग खरोखरच एक माणूस रात्रभर जागता ठेवायची पाळी त्यांच्यावर आली होती. क्षिप्रा आकडे बघायची, तो शब्द बघायचा. ती मागून त्याच्या खांद्यावरून वाचायची, आणि कधी तिला वाटायचं की या अनोळखी प्रवाशांचा तो जितका विचार करतो तितका आपला कुणी केला असता तर. पण हे वाटणं ती लगेच खाली ठेवून द्यायची. त्याचं विनयाशी ठरलेलं होतं, पुढे लग्नही झालं. आणि तसं बघितलं तर तिला त्याच्याकडून काही हवंही नव्हतं. तो होता, हे पुरत होतं.

मग कंपनीने नवं साधन आणलं. तुम्ही फक्त फोटो आणि पैसे द्या, असं त्यांचं म्हणणं. कुणाला दाखवायचं, केव्हा दाखवायचं आणि कुठल्या शब्दांत, ते आमचं यंत्र ठरवेल. हाताने चालवायच्या जाहिराती हळूहळू बंद होणार होत्या. सुधन्वा म्हणायचा, बंद होतील तेव्हा बघू. त्याच सुमारास तो विचित्र वागायला लागला होता. ती काही विचारायची आणि तो उत्तरच द्यायचा नाही. समोर बघत राहायचा. तिने पुन्हा विचारलं की एकदम वळून ‘काय?’ म्हणायचा, असा, की तिनेच काही चूक केली आहे. तिला वाटलं, हा रुसलाय. एकदा दाताचं काम आहे म्हणून तो दोन दिवस आला नाही, आणि त्या दोन दिवसांत तिने सगळी हॉटेलं नव्या साधनावर टाकून दिली. त्याच्या ओळी पुसल्या गेल्या. यंत्राने लिहिलं, ‘दिल्ली में बेस्ट होटल, अभी बुक करें.’ आणि खोल्या पूर्वीपेक्षा जास्त भरल्या. तो परत आला तेव्हा तिने त्याच्या शेजारी बसून आकडे दाखवले, खूप बोलली, जवळजवळ माफी मागितल्यासारखं बोलली. तो पडद्याकडे बघत राहिला. शेवटी ‘अच्छा’ म्हणाला. थोड्याच दिवसांत त्याचा संदेश आला की तो आता हे काम करणार नाही, तिने रागावू नये. तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि ‘ठीक आहे’ एवढंच पाठवलं. चार वर्षं तिने तो ‘अच्छा’ जिभेवर घोळवला होता. त्यात तिला कधी तिरस्कार सापडायचा, कधी दमणूक. एकदा तर, आईचं औषध आणायला दुकानाच्या रांगेत उभी असताना, त्यात तिला नुसतं ‘अच्छा’ ऐकू आलं होतं आणि ती जास्तच घाबरली होती.

महिना संपायला आला तेव्हा तिने त्याला लिहिलं, ‘नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण.’ दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी आलं: ‘शनिवारी घरी ये.’ आणि खाली पत्ता.

शनिवारी तिने यमुना बँकला वैशालीची गाडी पकडली. ऊन छान होतं, दिल्लीत अशा उन्हाचे फार थोडे दिवस मिळतात. दार विनयाने उघडलं. विनया कुठल्याशा मंत्रालयात नोकरीला होती. लग्नानंतर एकदाच दोघी भेटल्या होत्या. ‘या ना,’ ती म्हणाली, आणि क्षिप्रा चपला काढायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, ‘त्याने तुम्हाला सांगितलं नसेलच.’

‘काय?’

‘बाल्कनीत आहे. जा.’

सुधन्वा उन्हात वेताच्या बुटक्या आसनावर, मोढ्यावर, बसला होता, शेजारी दुसरा मोढा रिकामा. त्याने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू कुणी इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत होती. कपाळाची एक सुरकुती अर्ध्यावर येऊन थांबत होती. डावा डोळा नको इतका उघडा आणि ओला, ओठाचा डावा कोपरा खाली. उजवी बाजू चार वर्षांनी म्हातारी झाली होती. डावी त्याच्याहून तरुण दिसत होती. क्षिप्रा रिकाम्या मोढ्यावर बसली. कुठे बघावं ते तिला कळेना, म्हणून तिने सरळ त्याच्या चेहऱ्याकडेच पाहिलं. तो तिला बघू देत थांबला.

‘कानामागे गाठ होती,’ तो म्हणाला. बोलताना तोंड उजवीकडे ओढलं जात होतं. ‘साधीच होती. काढली. पण चेहऱ्याची नस तिला चिकटूनच जात होती. ती गेली. डावा कान तर त्याआधीच गेला होता.’

‘केव्हा?’

‘काम सोडलं तेव्हाच. दाताचं म्हणून सांगितलं होतं ना तुला, ते दाताचं नव्हतं. तपासण्या होत्या.’

तिला बरसातीतला तो टेबलाचा कोपरा दिसला. ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायची, कारण प्लग तिकडे होता. सगळं तिने त्या बाजूने सांगितलं होतं. आकडे, कारणं, ती माफीसारखी वाक्यं. खूप दिवस एकाच जागी असलेलं कपाट सरकवावं आणि भिंतीचा मूळ रंग दिसावा, तसं तिला झालं. चांगलं वाटलं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

‘सांगायचंस ना,’ ती म्हणाली.

‘चेहऱ्याचं सहा महिन्यांत उतरेल म्हणाले होते. म्हटलं, उतरलं की जाऊ बरसातीत, सांगू गंमत म्हणून. मग नाही उतरलं. आणि मग सांगायची वेळच निघून गेली.’ त्याने रुमालाने डावा डोळा टिपला. ‘तू लगेच आली असतीस फळं घेऊन. आणि मग जाहिरातींबद्दल आपण कधी भांडलो नसतो. सगळं माझ्या मनासारखं केलं असतंस. ते नको होतं.’

‘मला वाटलं, तू मी केलं त्यावर रागावून गेलास.’

‘रागावलो होतोच. बिल्कुल रागावलो होतो,’ तो म्हणाला. ‘पण तेवढ्यासाठी कुणी काम सोडत नाही.’

मग तो म्हणाला, आण तो फोन, बघू काय म्हणतंय तुझं यंत्र. ती नको म्हणाली. तो म्हणाला, एवढी आलीस तर करून बघू. तिने फोनचा मागचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल उमटला, त्यात त्याचा चेहरा, आणि आतून एका बाईचा गोड आवाज आला. अपना चेहरा गोले के अंदर रखिए. त्याने ठेवला. बाएँ देखिए. दाएँ देखिए. त्याने आज्ञाधारक मुलासारखी मान फिरवली. त्या गोलातून त्याच्याकडे बघणं क्षिप्राला सोपं जात होतं. समोरून जे बघवलं नसतं ते ती काचेतून निवांत बघत होती. आँखें बंद कीजिए. उजवा डोळा मिटला, डावा वर फिरून अर्धा उघडाच राहिला. मुस्कुराइए, आवाज म्हणाला. उजवा गाल वर गेला, डोळ्याच्या कडेला बारीक रेघा आल्या. कृपया मुस्कुराइए, आवाज म्हणाला. ‘मुस्कुरा ही तो रहा हूँ, यार,’ सुधन्वा फोनला म्हणाला. आत स्वयंपाकघरात विनया खळखळून हसली. आवाजाने पुन्हा विनंती केली. त्याने बोटाने ओठाचा डावा कोपरा वर उचलून धरला आणि तसाच कॅमेऱ्यात बघत राहिला. गोल लाल झाला. लगेच तिच्या फोनवर पत्र येऊन पडलं: ‘प्रिय सुधन्वा, तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री आम्हाला करता आली नाही.’

तिने ते त्याला वाचून दाखवलं. ‘खरंय त्यांचं,’ तो म्हणाला. ‘इतकी वर्षं तूच होतीस ना मी?’

तिच्या कानाची पाळी तापली. ‘तुला माहीत होतं?’

‘माझ्या नावाचं खातं चालू आहे, आणि मी तर इथे कॉप्या तपासतोय. मग कोण असणार? आईला म्हणालो होतो मी, दिल्लीत तुझं नाव एक मुलगी चालवते.’

त्याच मोढ्यावर बसून तिने आपल्या नावाचं नवं खातं उघडायला घेतलं. कागद मध्यंतरी कधीतरी तिने दुरुस्त करून घेतले होते, आता सगळीकडे ती एकच होती. गोल आला. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डोळे मिटले, हसली. गोल हिरवा झाला. इतक्या पटकन झालं की तिला ओशाळल्यासारखं झालं, रांगेत कुणाच्या तरी पुढे घुसल्यासारखं. नव्या खात्याला काहीच माहीत नव्हतं. कोण प्रवासी, कुठले फोटो, काही नाही. पहिली जाहिरात स्वतः लिहा, असं ते म्हणालं. तिने फोन सुधन्वाकडे केला. तो बाल्कनीच्या जाळीतून खाली बघत बसला. वेळ गेला, ऊन त्याच्या गुडघ्यांवरून पावलांवर उतरलं.

‘मार्चमध्ये मुलं येतात परीक्षेला, असं म्हणालीस ना?’

‘हो. साहनी म्हणतात.’

‘मग लिही. पेपर सुबह का है? नाश्ता छह बजे मिलेगा.’

‘मिळतो का?’

‘मिळायला लागेल.’

तिने लिहिलं. पुढे महिनाअखेरीला जुनं खातं बंद पडलं. साहनींच्या खोल्या काही दिवस ओस राहिल्या, ते रोज फोन करून कुरकुरले, एक दुसरं हॉटेल तिला सोडूनही गेलं. आणि मग परीक्षेची मुलं यायला लागली, पहाटे नाश्ता मागायला लागली, तेव्हा साहनींनी कपाळाला हात लावला आणि एक आचारी नेमला. पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी विनयाने चहा आणून दिला आणि ती आत गेली. सुधन्वा डावा ओठ बोटाने दाबून धरत उजव्या कोपऱ्याने चहा पीत होता. खालच्या बागेत सोसायटीतल्या बायका मटार सोलत बसल्या होत्या. क्षिप्राला वाटलं, आत्ता नाही तर मग हे राहूनच जाईल.

‘तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘सगळं बदलून टाकायच्या आधी. तुझ्या ओळी होत्या त्या.’

सुधन्वाने कपात पाहिलं. ‘पत्ती जरा जास्त पडलीये आज,’ तो म्हणाला.

मग तिच्या लक्षात आलं की ती त्याच्या डाव्या बाजूला बसली आहे. इतका वेळ तो वळून वळून, तिच्या ओठांकडे बघून बोलत होता. आत्ता तो समोर बघत होता. ती उठली, मोढा उचलून त्याच्यामागून पलीकडे नेला, उजव्या बाजूला ठेवला आणि बसली. तो बघत होता. दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. पहिल्या वेळी ते आपोआप आलं होतं.

‘मी म्हणाले, तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं.’

‘ऐकू आलं होतं मला,’ सुधन्वा म्हणाला. ‘पहिल्यांदाच.’

‘मग चहाचं काय मधेच?’

‘काय बोलणार? चहा समोर होता.’ त्याने कप खाली ठेवला. ‘विचारलं असतंस ना, तर मी हो म्हणालो असतो. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होतो. ऐकू कुठे येत होतं?’

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि आलेलं हसू तिने अडवलं नाही. खालून भाजीवाल्याची आरोळी आली, लांबलचक, शेवटी चढत जाणारी. सुधन्वा चटकन वळला, बाल्कनीच्या एका टोकाकडे बघायला लागला, मग दुसऱ्या टोकाकडे. विनयाला टोमॅटो हवे होते, तो म्हणाला, हा कुठून ओरडतोय? एका कानाला दिशा कळत नाही. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून भाजीवाला गाडी ढकलत येत होता.

‘तिकडे,’ क्षिप्रा म्हणाली आणि तिने बोट दाखवलं.